चेंडू वर असताना

दिवसभराचे काम आटोपले की संगणक बंद करण्यापूर्वी मी विटा फोडण्याचा खेळ उघडते आणि एकच डाव खेळायचा असे स्वतःला बजावून साधारणपणे तीन खेळते. खेळाची ओळख करून देण्यासारखे फारसे काही नाही. पडद्याच्या वरच्या भागात रंगीत विटांची भिंत रचलेली असते, तळाशी आडवी सरकणारी एक पट्टी असते आणि या दोहोंच्या मध्ये एक चेंडू ये-जा करत असतो. चेंडू लागला की वीट नाहीशी होते आणि चेंडू परत फिरतो. तो पट्टीवर घेऊन पुन्हा वर धाडायचा, खाली पडू द्यायचा नाही. हे नियम कोणालाही अर्ध्या मिनिटात समजतात. तरीही संगणक बदलले, खेळाच्या आवृत्त्या बदलल्या, आणि दिवसाच्या शेवटी हात मात्र याच खेळाकडे जात राहिला. असे का होते याचा मी बराच काळ विचारच केला नव्हता, कारण विरंगुळ्याची कारणे शोधायला बसले की तो विरंगुळा उरत नाही अशी माझी समजूत होती. मग एकदा खेळता खेळता लक्षात आले की यातला फोडण्याचा भाग मला तितकासा आवडत नाही आणि अडवण्याचाही नाही. चेंडू पट्टीवरून निघून वर गेलेला असतो आणि अजून परत यायचा असतो, तो मधला वेळ मला आवडतो.

त्या वेळात करण्यासारखे काहीच नसते. चेंडू आपल्या हातून सुटलेला असतो, त्याची दिशा ठरलेली असते, आणि तो परत येईपर्यंत पट्टी कितीही इकडेतिकडे हलवली तरी त्याच्या वाटेत तसूभरही फरक पडत नाही. हा वेळ किती, ते मोजता येते. समजा, पट्टीपासून वरच्या कडेपर्यंतचे अंतर ६०० पिक्सेल आहे, विटांची सर्वांत खालची रांग पट्टीपासून ३०० पिक्सेलवर आहे आणि चेंडू सेकंदाला ६०० पिक्सेल या वेगाने चढतो-उतरतो. डावाच्या सुरुवातीला तो अर्ध्या सेकंदात भिंतीला लागतो आणि पुढच्या अर्ध्या सेकंदात परत येतो, म्हणजे दर सेकंदाला एकदा आपल्याला हजेरी द्यावी लागते. भिंतीला खिंडार पडून चेंडू वरच्या कडेपर्यंत पोहोचू लागला की तोच फेरा दोन सेकंदांचा होतो. एक सेकंद आणि दोन सेकंद यांतला फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. खेळताना मात्र त्या फरकाने खांदे सैल होतात.

पूर्णपणे निवांत असलेल्या खेळांनी मला कधी निवांत वाटलेले नाही, हे इथे सांगितले पाहिजे. संगणकावर एकट्याने लावायचा पत्त्यांचा डाव घ्या. तिथे कोणी मागे लागलेले नसते, हवा तितका वेळ घेता येतो, आणि नेमके म्हणूनच माझे मन त्या पत्त्यांना सोडून दिवसाच्या कामात परत जाऊन बसते. काळ्या दश्शीवर लाल नव्वी ठेवताना मी उद्याच्या पत्राचे पहिले वाक्य जुळवत असते. याच्या उलट, पळत पळत गोळ्या झाडायच्या खेळांत मनाला कुठे जायला फुरसतच मिळत नाही, पण तो डाव संपल्यावर मी सुरुवातीपेक्षा जास्त दमलेली असते. विटांच्या खेळातला मोकळा वेळ या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. तो मिळतो, पण परतीच्या बोलीवर मिळतो. दीड-दोन सेकंदांत चेंडू परत येणार असतो, त्यामुळे मन फार लांब जाऊ शकत नाही. आणि तोवर तो आपल्याकडे काही मागतही नाही, त्यामुळे मनाला ताणही बसत नाही. दोरी लांब सोडलेल्या गुरासारखे ते जवळपासच चरत राहते.

या खेळाचा जन्म पाहिला तर हा एकांत त्यात सुरुवातीपासूनच आहे. १९७२ साली अटारी कंपनीने 'पाँग' हा खेळ बाजारात आणला. त्यात दोन बाजूंना दोन पट्ट्या आणि दोन माणसे समोरासमोर असत. नोलन बुशनेल आणि स्टीव्ह ब्रिस्टो यांनी त्याच खेळातून दुसरा माणूस काढून टाकला आणि त्याच्या जागी विटांची भिंत उभी केली. १९७६ साली हा खेळ 'ब्रेकआउट' या नावाने नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर आला. समोरचा माणूस गेल्याने काय साधले, हे मला आता कळते. माणूस चेंडू मुद्दाम अडचणीच्या जागी मारतो, जिंकला की हसतो आणि हरला की आणखी एक डाव मागतो. भिंत यातले काही करत नाही. तिच्या मनात आपल्याबद्दल काही नसते, आणि दिवसभर माणसांशी बोलून झाल्यावर ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्या पहिल्या यंत्राच्या जडणघडणीची गोष्ट संगणकाच्या इतिहासात पुष्कळदा सांगितली जाते. अटारीने हे काम तिथे नोकरी करणाऱ्या स्टीव्ह जॉब्झकडे सोपवले, आणि जॉब्झने ते आपला मित्र स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक याच्याकडून करून घेतले. वॉझ्निअ‍ॅक तेव्हा दिवसा ह्युलेट-पॅकार्डमध्ये नोकरी करत होता. त्याने रात्री जागून चार दिवसांत आराखडा तयार केला. चिप्स जितक्या कमी तितका मोबदला जास्त, अशी अट असल्याने त्याने त्या पन्नासाच्या आत बसवल्या, आणि ती रचना इतकी गच्च झाली की अटारीला कारखान्यात ती तशीच बनवता आली नाही व पुन्हा नवा आराखडा करावा लागला. मला या गोष्टीतला सर्वांत नवलाचा भाग वेगळाच वाटतो: त्या यंत्रात प्रोग्रॅम नव्हता. मायक्रोप्रोसेसरही नव्हता. चेंडू, भिंत, पट्टी, गुण हे सगळे तर्कमंडलांच्या जोडणीतून, म्हणजे अक्षरशः तारांतून उभे केलेले होते. रंगसुद्धा खरे नव्हते. पडदा कृष्णधवल होता आणि विटांच्या रांगांवर येतील अशा बेताने काचेवर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. पुढे १९७७ साली वॉझ्निअ‍ॅकनेच आखलेला अ‍ॅपल २ संगणक आला, तेव्हा त्यातले रंग, आवाज आणि खेळाच्या मुठी हे सारे हाच खेळ 'बेसिक' या संगणकभाषेत लिहून चालवता यावा या हेतूने घातल्याचे वॉझ्निअ‍ॅकने स्वतः सांगितले आहे. तारांचा खेळ करणाऱ्या माणसाला तो एका संध्याकाळी टंकून करता यावा असे वाटले, यात मला मोठी गंमत वाटते.

मात्र तो मूळ खेळ निवांत होता असे कोणी समजू नये. यंत्राला नाणी हवी असत, त्यामुळे माणूस लवकर बाद होणे हाच त्याचा धंदा होता. एका नाण्यात तीन चेंडू मिळत. भिंतीत आठ रांगा आणि प्रत्येक रांगेत चौदा विटा, अशा एकूण ११२ विटा असत. खालच्या दोन पिवळ्या रांगांच्या विटेला १ गुण, मग हिरव्यांना ३, नारिंगींना ५ आणि सर्वांत वरच्या लाल विटांना ७ गुण मिळत. चौथ्या फटक्यानंतर चेंडूचा वेग वाढे, बाराव्यानंतर पुन्हा वाढे, नारिंगी आणि लाल रांगांना स्पर्श झाला की आणखी वाढे. आणि चेंडू लाल रांगेतून पार जाऊन वरच्या कडेला लागला की आपली पट्टी निम्मी होई. म्हणजे चेंडूचा फेरा लांबून खेळाडूला जरा उसंत मिळणार, नेमक्या त्याच क्षणी यंत्र ती काढून घेत असे. आखणाऱ्यांना हा मधला वेळ चांगलाच ठाऊक होता, याचा मी हाच पुरावा मानते.

एक भिंत पूर्ण फोडली की ४४८ गुण होत आणि दुसरी भिंत येई. तीही फोडली की ८९६. त्यापुढे तिसरी भिंत नव्हती. चेंडू मात्र चालूच राहत असे, आणि खेळाडू कंटाळून त्याला खाली पडू देईपर्यंत रिकाम्या पडद्यावर या कडेवरून त्या कडेवर आपटत राही. हे वाचले तेव्हा प्रथम मला वाटले की माझ्या आवडीचा खेळ तो हाच, नुसता मधला वेळ आणि बाकी काही नाही. पण विचार केल्यावर तसे वाटेनासे झाले. वर फुटण्यासारखे काही असले तरच चेंडूच्या जाण्याकडे बघत बसण्यात अर्थ आहे. काही तरी आपोआप होत आहे आणि आपण फक्त पाहत आहोत, यातले सुख रिकाम्या पडद्याकडे पाहण्यात नाही.

एकदा मी स्वतः हा खेळ लिहून पाहण्याचा उद्योग केला होता. प्रोग्रॅमिंग मला बेताचेच येते, पण हा खेळ शिकाऊ माणसांना हमखास करायला देतात, तेव्हा जमेल असे वाटले. पहिल्या प्रयत्नात मी चेंडू पट्टीवरून आरशावरच्या प्रकाशासारखा परत पाठवला, ज्या कोनात आला त्याच कोनात. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. खेळ म्हणून मात्र तो निर्जीव निघाला, कारण चेंडू कुठे जाणार यावर माझा काही ताबाच राहिला नाही. तो ४५ अंशांत निघाला होता तो ४५ अंशांतच फिरत राहिला आणि त्याच त्या चार ठिकाणी जाऊन आदळू लागला. 'पाँग' बनवणाऱ्या अ‍ॅलन अल्कॉर्नने ही अडचण १९७२ सालीच सोडवलेली होती. त्याने पट्टीचे आठ भाग केले आणि चेंडू कोणत्या भागाला लागतो त्यावर परतीचा कोन ठरवला: मध्याच्या भागांवरून सरळ, टोकांकडच्या भागांवरून तिरपा. म्हणजे पट्टी ही सपाट दिसणारी, पण वागण्यात फुगीर असलेली वस्तू आहे. मी माझ्या प्रोग्रॅममध्ये एवढा एक बदल केला आणि खेळ एकदम जिवंत झाला. आता पट्टीच्या उजव्या टोकावर घेतलेला चेंडू उजवीकडे आडवा पळत होता, मध्यावर घेतलेला जवळजवळ उभा चढत होता, आणि मला हव्या त्या विटेकडे निदान बोट दाखवता येत होते.

दुसरी फजिती वेगाची झाली. संगणकाचा पडदा सेकंदाला साधारणपणे ६० वेळा नव्याने रंगवला जातो, आणि चेंडू प्रत्यक्षात सरकत नाही. दर वेळी तो थोडा पुढे उचलून ठेवलेला असतो. सेकंदाला ६०० पिक्सेल वेग असेल तर ही उडी १० पिक्सेलची होते आणि २० पिक्सेल जाडीची वीट तिला चुकत नाही. मी उत्साहाने वेग तिप्पट केला, उडी ३० पिक्सेलची झाली, आणि चेंडू कधीकधी विटेच्या अलीकडून थेट पलीकडे जाऊ लागला. वीट जागच्या जागी धडधाकट उभी. प्रोग्रॅमर मंडळी या दोषाला 'टनेलिंग' म्हणतात. यावर उपाय म्हणजे एका उडीचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर टक्कर तपासायची, किंवा दोन ठिकाणांना जोडणारी रेषा विटेला कुठे छेदते ते काढायचे. त्यापेक्षा विचित्र प्रकार पट्टीच्या कडेशी झाला. चेंडू बाजूने येऊन पट्टीच्या आत थोडासा शिरला; आत आहे म्हणून दिशा उलटली, पुढच्या चित्रातही तो आतच होता म्हणून पुन्हा उलटली, आणि असा तो पट्टीत अडकून माशी फडफडावी तसा थरथरत बसला. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. चांगले बनवलेले खेळ खेळताना आपण ज्याला सहज म्हणतो, त्याच्या मागे अशा किती थरथरणाऱ्या चेंडूंची सोय लावलेली असते, हे तेव्हा मला कळले. माझा खेळ अर्धवटच राहिला, पण त्यानंतर इतरांचे खेळ मी अधिक आदराने खेळू लागले.

कोन कळू लागले की आणखी एक युक्ती हाती येते, आणि ती मला मधल्या वेळातच करायला आवडते. चेंडू बाजूच्या भिंतीवर आपटून कुठे उतरेल याचा अंदाज घेताना आपटणे विसरून जायचे. चेंडू भिंतीपलीकडच्या, आरशातल्यासारख्या दुसऱ्या मैदानात सरळ निघून गेला असे समजायचे आणि शेवटी ते मैदान घडी घालून परत आपल्या मैदानावर आणायचे. मैदान ८०० पिक्सेल रुंद आहे, चेंडू डाव्या कडेपासून ४०० वर आहे, पट्टीपर्यंत ६०० उतरायचा आहे आणि ४५ अंशांत उजवीकडे चालला आहे असे धरा. सरळ गेला असता तर तो १००० वर पोहोचला असता. ८०० च्या पलीकडे २०० झाले, म्हणून तेवढेच मागे येऊन तो ६०० वर उतरणार. खेळताना कोणी आकडे मांडत नाही, पण काही महिने खेळल्यावर डोळाच ही घडी घालू लागतो. चेंडू अजून वर असतो आणि पट्टी आधीच त्याच्या उतरण्याच्या जागी जाऊन थांबलेली असते. ती एक-दीड सेकंदाची आगाऊ तयारी, आणि तिच्यानंतर चेंडू बरोबर तिथेच येऊन टेकणे, हे मला कोणत्याही गुणसंख्येपेक्षा अधिक समाधान देते.

खेळात सर्वांत रमणीय प्रसंग मात्र भुयाराचा. भिंतीच्या एका कडेच्या विटा खालपासून वरपर्यंत नेमाने पोखरत न्यायच्या, शेवटची वीट फुटली की चेंडू त्या चिंचोळ्या वाटेने भिंतीच्या मागे जातो, आणि मग भिंतीची पाठ व वरची कड यांच्यामध्ये सापडून तो भराभर विटा फोडत सुटतो. आपण खाली बसून बघायचे. तोवर एकेका विटेसाठी एकेक फेरा मोजावा लागत होता, आणि आता आपला हातही न लागता आठ-दहा विटा एका दमात पडतात. २०१५ साली 'नेचर' या नियतकालिकात कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या डीपमाइंड कंपनीच्या संशोधकांनी अटारीचे ४९ खेळ शिकलेल्या एका संगणक-प्रणालीबद्दल लिहिले होते. तिला पडद्यावरचे पिक्सेल आणि मिळालेले गुण एवढेच कळत होते, आणि 'ब्रेकआउट' खेळता खेळता तिने हे भुयार आपले आपण शोधून काढले. ती बातमी वाचून मला थोडा मत्सर वाटला. अर्थात तिला भुयार हवे होते ते गुणांसाठी. चेंडू मागे गेल्यावर तिला निवांत वाटले असेल असे मानायला काही आधार नाही, आणि माझ्या दृष्टीने तिने खेळाचा निम्मा भाग वाया घालवला.

१९८६ साली तैतो कंपनीच्या 'अर्कनॉइड'ने या खेळाला नवे रूप दिले, आणि आज आपण विटांचा खेळ म्हणून जे खेळतो त्यातले बहुतेक त्याच वळणाचे असतात. त्यात काही विटा चंदेरी होत्या, त्यांना फोडायला एकाहून अधिक फटके लागत. सोनेरी विटा कधीच फुटत नसत. काही विटांतून रंगीत कॅप्सूल खाली पडत आणि ती पट्टीवर झेलली की पट्टी लांब होई, चेंडूचा वेग कमी होई, चेंडू चिकटून राही, एकाचे तीन चेंडू होत किंवा पट्टीतून लेझर सुटे. या कॅप्सूलबद्दल माझे मन अजून ठरलेले नाही. चेंडू डावीकडे उतरतो आहे आणि लांब पट्टीचे कॅप्सूल उजवीकडे पडते आहे, या क्षणी जो मोह होतो तो खेळाचा एक खरा रंग आहे, आणि त्या मोहापायी मी जितके चेंडू घालवले आहेत तितके दुसऱ्या कशापायीही घालवले नाहीत. पण कॅप्सूल आले की मधला वेळ गेला. चेंडू वर असताना आता कॅप्सूल खाली येत असते, म्हणजे पट्टीला सारखे काही तरी काम असतेच. तीन चेंडूंचे तर बोलायलाच नको. एक वर गेला की दुसरा खाली येतो, आणि तीनही जण आळीपाळीने आपल्याला दारात उभे करतात. तीनपैकी दोन चेंडू पडून एक उरतो तेव्हा मला चक्क सुटल्यासारखे वाटते.

हल्ली फोनवर मिळणाऱ्या काही खेळांनी या प्रकाराची हद्द केली आहे. विटेत नाणी, नाण्यांनी उघडायच्या पेट्या, पेटीतून निघणारे नवे चेंडू, दर तीन डावांनंतर एक जाहिरात, आणि दोन दिवस उघडले नाही तर आठवण करून देणारी सूचना. त्यातल्या एका खेळाच्या नावात निवांतपणाचा उल्लेख असूनही मला त्यात एकदाही स्वस्थ बसू दिले गेले नाही. मी तो काढून टाकला. शिवाय काचेवर बोट ठेवून पट्टी सरकवताना ती बोटाखाली झाकली जाते, म्हणून पट्टीच्या खाली बोटासाठी जागा सोडावी लागते, आणि मग हात एकीकडे व पट्टी दुसरीकडे असे होते. बाणांच्या कळांचीही मला अडचण वाटते, कारण कळ दाबली की पट्टी ठरावीक वेगानेच जाते आणि उशीर झाला की झालाच. माऊस हातात असला की हात जिथे, तिथे पट्टी. मूळ यंत्रावर यासाठी गोल फिरवायची मूठ होती, आणि ज्यांनी ती वापरली आहे ते अजून तिचेच गुण गातात. अ‍ॅपलच्या २००१ सालच्या पहिल्या आयपॉडमध्ये विटांचा खेळ लपवून ठेवलेला होता आणि पट्टी त्याच्या गोल चक्राने सरकत असे. ऐकण्याचे यंत्र बनवताना त्यांच्या हातून अनायासे तीच जुनी मूठ पुन्हा तयार झाली होती.

शेवटच्या विटेबद्दल बोलल्याशिवाय मात्र हा विषय पुरा होत नाही. हिशेबाने पाहिले तर ती वेळ सर्वांत निवांत असायला हवी, कारण भिंत उरलेली नाही, चेंडू पार वरच्या कडेपर्यंत जातो आणि फेरा सर्वांत लांब असतो. प्रत्यक्षात तीच वेळ सर्वांत जाचक असते. डावाच्या सुरुवातीला चेंडू कुठेही जावो, तो कामाचाच असतो. कोणतीही वीट चांगली वीट असते. एकच वीट उरली की बाकी सगळी जागा चुकीची होते, आणि वर गेलेल्या चेंडूकडे आपण बघत नाही तर त्याला मनातल्या मनात ढकलू लागतो. जरा डावीकडे, आणखी जरा डावीकडे. तो विटेच्या कडेला चाटून जातो, बाजूच्या भिंतीवर आपटतो, छतावर आपटतो आणि विटेच्या दुसऱ्या बाजूने खाली येतो. पट्टीच्या टोकावर घ्यायला जावे तर कोन फारच तिरपा होतो, मध्यावर घ्यावे तर चेंडू तीच जुनी उभी वाट धरतो. पन्नास विटा फोडायला दोन मिनिटे आणि एक्कावन्नावीला तीन, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. काही खेळांत बराच वेळ वीट फुटली नाही तर चेंडूचा कोन किंचित बदलतात, जेणेकरून तो एकाच वर्तुळात फिरत राहू नये, आणि काहींत शेवटच्या मोजक्या विटा आपोआप फुटतात. ही दुसरी सवलत मला पूर्वी फसवणूक वाटे. आता मी ती निमूटपणे स्वीकारते.

काल रात्रीचा डाव साधाच होता. दहा स्तंभ, सहा रांगा, कॅप्सूल नाहीत, सोनेरी विटा नाहीत. मी डाव्या कडेचा स्तंभ पोखरायला घेतला आणि पाचवी वीट फुटेपर्यंत दोन चेंडू घालवले, कारण कडेच्या एका विटेएवढ्या वाटेत चेंडू घालायचा तर तो जवळजवळ उभाच पाठवावा लागतो, आणि तसा पाठवण्याच्या नादात पट्टी अगदी कडेला चिकटून राहते. मग चुकून उजवीकडे वळलेल्या चेंडूपर्यंत ती पोहोचत नाही. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या चेंडूने सहावी वीट फुटली आणि पुढच्याच फेरीत तो त्या वाटेने वर गेला. वर गेल्यावर छतावर आपटून तो तिरपा झाला आणि भिंतीच्या पाठीवर उतरला. मी माऊसवरचा हात काढला आणि मोजू लागले. चार, पाच, सहा. वरची लाल रांग डावीकडून उजवीकडे मिटत चालली होती आणि विटा फुटण्याचा आवाज इतका जवळजवळ येत होता की तो एकच लांबलचक आवाज वाटावा. अकरा झाल्यावर चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला, तिथे दोनदा आपटला आणि परत डावीकडे निघाला. चौदा, पंधरा. सतरावी वीट पडली तेव्हा तो डाव्या भिंतीशी पोहोचलेला होता, आणि तिथली वाट मीच मोकळी करून ठेवलेली होती. तो ज्या वाटेने गेला त्याच वाटेने खाली उतरला. पट्टी तिथून फार तर दोन विटांच्या अंतरावर असेल, पण माझा हात मांडीवर होता आणि माझे लक्ष अजून वर, त्या उजव्या कोपऱ्यात नुकत्याच उघड्या पडलेल्या काळ्या जागेकडे होते.